उपरण्याखालचा हात

अक्का, त्या दिवशी दवाखान्यात आकड्यांची उत्तरं तू दिलीस असं सगळ्यांना वाटलं. ती मी दिली होती. तुझ्या मांडीवरच्या शालीखाली तुझा उजवा हात माझ्या हातात होता आणि बैलबाजारात दलाल किंमत सांगतो तशी मी एकेक बेरीज तुझ्या बोटांवर दाबत होतो. तू ती मोठ्यानं म्हणत गेलीस. म्हणून तू पास झालीस, आणि पास झालीस म्हणूनच त्यांनी तुला परत पाठवलं. इतकी वर्षं हे आपल्या दोघांनाच माहीत होतं.

तुझं तेरावं उरकलं. पाहुणे गेले. सुनंदानं गिरणीच्या खोलीतली तुझी खाट उन्हात काढून ठेवली आहे, पण ती माळ्यावर टाकायला तिचा हात धजत नाही आणि मीही टाक म्हणत नाही. त्या खाटेवर बसूनच हे लिहितो आहे. माणूस गेल्यावर लिहितात ते बाकीचं, म्हणजे दाजी लवकर गेले, तू माहेरी आलीस, निरगुडसरात गिरणी घातलीस, ते तुलाही माहीत आहे आणि गावालाही. मला तुझ्याशी त्या शालीबद्दल बोलायचं आहे.

ही बोटांची भाषा आपल्या वडलांची, तात्यांची. बेल्ह्याच्या आणि चाकणच्या बाजारात ते बैलांची दलाली करायचे. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात उपरण्याखाली, भोवती ही गर्दी, आणि आकडा कुणालाच कळत नाही. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा दाबला की पाच, पंजा दाबून पुन्हा दोन बोटं म्हणजे सात, तळहातावर अंगठा रोवला की दहा. किंमत पटली नाही तर तोंडानं नाही म्हणायचं नाही. मनगट वळवून हात काढून घ्यायचा. तात्या सांगायचे, “समोरच्यानं हात सोडवला की सौदा सपला. त्याउप्पर धरून ठिवतो तो दलाल न्हाई, दांडगा.”

आपण दोघं हे एका गोधडीखाली शिकलो. तुला माझ्या आधी यायला लागलं. बाजारात मात्र तात्या मलाच न्यायचे, म्हणून तू ती भाषा घरात चालवलीस. पाहुणे पंगतीला बसले की वाढता वाढता माझ्याशेजारी टेकायचीस आणि पदराआडून माझी दोन बोटं दाबायचीस. टोपल्यात दोनच भाकरी राहिल्यात. मग मी खोटा ढेकर देऊन उठायचो. “पोरगं लई कमी खातंय हो,” असं पाहुण्यांनी म्हटलं की तू चुलीकडं तोंड फिरवून हसायचीस.

शाळेत साहेब तपासणीला आले होते ते आठवतं तुला? सगळे वर्ग एकाच खोलीत. त्यांनी मला उभं करून बारा सत्ते विचारलं आणि माझी जीभ टाळूला चिकटली. तू मागं बसली होतीस. माझ्या पाठीवर बोटं टेकली, आधी आठ, मग चार. मी चौऱ्याऐंशी म्हणालो आणि साहेबांनी शाबासकी दिली. त्या दवाखान्यात मी जे केलं, त्याच्या मुळाशी ही शाबासकी होती का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. एकदा तू मला तारलंस, आता माझी पाळी. असं म्हणून मन थोडं हलकं होतं, पण फार वेळ राहत नाही.

गिरणीत तुझ्यासारखी आठवण कुणाची नव्हती. रांगेत ठेवलेल्या डब्यांवर नावं नसायची. तू नुसती कडी, पोचा, झाकणाचा रंग बघून सांगायचीस, हा पाटलिणीचा, भाकरीला जाड पायजे. हा शिंप्याचा, गव्हात मूठभर सोयाबीन हाय. मंचरच्या पेठेतले शेठजी बायकोसह दळण घेऊन यायचे. त्यांच्या वाण्याच्या दुकानात उधारी वहीत असायची. ते एकदा म्हणाले, “ताई, तुम्हाला पेढीवर बसवलं तर आमचा मुनीम उपाशी मरेल.”

आधी तुझा एक डोळा धूसर झाला आणि आपोआप बरा झाला. मग डावा पाय ओढायला लागला. पुण्यात मेंदूचे फोटो काढले तेव्हा आजाराचं नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टरांनी समजावलं, वायरवरचं रबर जागोजागी जळावं तसं नसांवरचं वेष्टन जातं आणि निरोप अडखळतो. तू लगेच म्हणालीस, “मंग मोटारीला लावतो ती काळी टेप गुंडाळा की मला.” डॉक्टर हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर तू मला गिरणीत बोलावून दार लोटलंस आणि म्हणालीस, “दत्तू, पायाचं काय न्हाई रं. ओढत ओढत जाईल. पण आज डबा समोर व्हता आन् कुणाचा ते आठवंना. पाटलिणीचाच व्हता. तिनंच उचलला तवा कळलं.”

पायाला तू कधी घाबरली नाहीस. डब्याला घाबरलीस.

म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी त्या अभ्यासाबद्दल सांगितलं तेव्हा तुझा चेहरा उजळला. या आजारात ज्यांची आठवण आणि विचाराचा वेग मंदावतो, त्यांच्यावर एका गोळीचा उपयोग होतो का हे बघायचं होतं. काहींना औषध, काहींना तशीच दिसणारी साधी गोळी. दर थोड्या दिवसांनी तपासणी. “पण सगळ्यांना घेत नाही,” डॉक्टर म्हणाले. “वय बघतो, अलीकडं आजार उसळलेला नसावा लागतो, शिवाय काही चाचण्या असतात. त्यात बसलात तर बघू.”

सगळ्यांना घेत नाहीत, एवढंच मी ऐकलं. अक्का, मी बी. ए. झालो खरा, पण उभा राहिलो तात्यांच्याच धंद्यात. आमच्याकडं निवडलं जातं ते चांगलं जनावर. बाजाराच्या आदल्या दिवशी बैल धुवायचा, शिंगांना तेल लावायचं, आणि पायानं लंगडत असेल तर त्याला खडकाळ जागेवर चालवूनच दाखवायचं नाही. खोड झाकणं हेच आमचं कसब. खोड आहे म्हणूनच कुणाला तरी घेणार आहेत, असा बाजार मी पाहिला नव्हता.

मंचरहून एसटीत बसलो तेव्हा तू इरकली नेसली होतीस आणि मांडीवर तात्यांची जुनी शाल होती. “मला बाजारात उभं करायला चाललायस व्हय रं?” तू विचारलंस. “शिंगं न्हाई रंगवली ती?”

“शिंगं असती तर रंगवली असती.”

“हायेत की. दिसत न्हाईत एवढंच. तुझ्या बायकोला, सुनंदाला इचार.”

दवाखान्यात त्यांनी तुला कागद वाचून दाखवले. सगळं मराठीत, निवांत, तुला समजेपर्यंत. मी तेव्हा तिथं नव्हतो. एका खिलारी जोडीचं बोलणं अडलं होतं म्हणून समोरच्या एसटीडी बूथवर गेलो होतो. परत आलो तर तुला आत न्यायला निघाले होते. तू माझी बाही धरलीस. “दत्तू, ऐक, ह्ये काय म्हणत्यात...”

“भिऊ नगंस,” मी म्हणालो. “मी हाय.”

त्या दोन शब्दांनी किती गोष्टी मारल्या.

चाचणी घेणाऱ्या बाई तरुण होत्या, मवाळ बोलायच्या. मी सांगितलं, हिचा तोल जातो, धरून बसतो. त्यांनी मला बसू दिलं. आधी शब्द सांगितले, ते आठवून म्हणायचे होते. त्यात तुला जेमतेम जमलं. मग टेप लावला. एक आवाज एकामागून एक आकडे म्हणायचा आणि प्रत्येक वेळी शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज तू सांगायची. थांबायला वेळ नाही. तीन. सात. तू म्हणालीस दहा. पाच. तू म्हणालीस बारा. मग आठ आले आणि तू ओठ हलवत राहिलीस. पुढचा आकडाही येऊन गेला. तुझ्या कपाळावर घाम आला. गिरणीच्या दारात उभी राहून जी बाई साऱ्या गावाच्या मापांचा हिशेब तोंडानं करायची, तिला आठ आणि पाच जमेनात, हे मला बघवलं नाही.

मी शालीखाली तुझा पंजा दाबला आणि पुढची बोटं धरली.

तू म्हणालीस. मी पुन्हा दाबलं, तू पुन्हा म्हणालीस. तुझं डोकं मागं राहिलं होतं, पण तोंड माझ्या बोटांचं ऐकत होतं, लहानपणी गोधडीखाली ऐकायचं तसं. मग तू माझ्याकडं पाहिलंस. आणि मनगट वळवलंस.

मला ते कळलं, अक्का. न कळण्यासारखं नव्हतंच. तात्यांनी आपल्याला आकड्यांच्याही आधी तेच शिकवलं होतं. तू हात सोडवत होतीस, आणि मी तो घट्ट धरून ठेवला. टेप संपेपर्यंत सोडला नाही.

थोड्या वेळानं डॉक्टर आले. खुशीत होते. म्हणाले, “आकड्यांमध्ये तुम्ही आमच्या रेषेच्या चांगल्याच वर आहात. विचाराचा वेग मंदावलेलेच पेशंट आम्हाला घ्यायचे आहेत. तुमचं डोकं शाबूत आहे. या अभ्यासात बसत नाही तुम्ही, पण ही आनंदाचीच बातमी समजा.” तू खाली शालीकडं बघत होतीस. तुला सगळं आधीपासून माहीत होतं, आणि तू तोंड उघडलं असतंस तर त्या मवाळ बाईंसमोर आणि डॉक्टरांसमोर तुझा भाऊ लबाड ठरला असता. तू गप्प राहिलीस. मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “आभारी आहे साहेब.”

परतीच्या एसटीत राजगुरुनगर मागं पडलं.

मग म्हणालीस, “कशाला मधी पडलास?”

“मंग काय नापास व्हऊ द्यायची तुला?”

“व्हायचं व्हतं मला नापास. त्यासाठीच गेल्ते.”

“मला काय म्हाईत?”

“सांगत व्हते की. तू ‘मी हाय’ म्हणालास.” बाहेर उसाच्या बैलगाड्या पारगावच्या कारखान्याकडं चालल्या होत्या. तू त्यांच्याकडं बघत म्हणालीस, “जा आन् खरं सांग त्यास्नी. रागं भरतील, भरू दे. पुन्यांदा परीक्षा घेतील.”

“जातो.”

“शप्पत?”

“शप्पत.”

हे आपलं न संपलेलं भांडण. मी आज जातो, उद्या जातो केलं. सुगी आली, बाजार आले. डॉक्टरांसमोर उभं राहून काय बोलायचं हे मी मनात घोळवायचो आणि तोंड कोरडं पडायचं. तू मधून मधून विचारायचीस, “गेल्तास का?” बाकी पुष्कळ विसरायला लागली होतीस, चहात साखर दोनदा घालायचीस, पण हे विसरली नाहीस. शेवटी एका सकाळी दाढी करता करता, आरशातून तुझ्याकडं न बघता, मी म्हणालो, “गेल्तो. जागा भरल्या म्हणाले.”

मी गेलो नव्हतो. तू “बरं” म्हणालीस. तुला ते खरं वाटलं का, हे मला कधीच कळणार नाही.

औषध हुकलं, एवढ्याचंच दुःख असतं तर ते मी कसंबसं सोसलं असतं. पुढं त्याच दवाखान्यात दुसऱ्या कामाला गेलो तेव्हा कळलं की त्या गोळीतून फारसं काही निघालं नाही. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याचीही लाज वाटली. कारण तोवर माझ्या बोटांनी वेगळंच काम केलं होतं. गावात, घरात, पाहुण्यांत मी सांगत सुटलो होतो, पुण्याच्या डॉक्टरांनी तपासलंय, अक्काचं डोकं शाबूत आहे. तुला बरं वाटावं म्हणून सांगायचो असं मला वाटायचं. पण त्यानंतर तुझी चूक ही आजाराची चूक राहिली नाही. सुनंदा म्हणायची, “वन्सं मुद्दाम करतात.” दळणाला आलेल्या बाया म्हणायच्या, “लक्ष न्हाई आताशा त्यांचं, ताठा आलाय.” आजारी माणसाला मिळते ती माफी मी तुझी काढून घेतली होती.

आणि मग शिवरात्रीचं ते दळण. भामाबाईनं उपासाची भाजणी आणली होती. उपासाचं दळण म्हणजे आधी जातं पुसून घेतलंच पाहिजे, हे तूच सगळ्यांना शिकवलेलं. त्या दिवशी तू गव्हावरच ती टाकलीस. भामाबाई दारात येऊन ओरडायला लागली, “माझा उपास मोडला हिनं!” माणसं जमली. मी बाजारातून आलेलो, दमलेला. सगळ्यांदेखत तुला म्हणालो, “डोकं चांगलंय म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलंय तुझं. मंग ध्यान कुटं असतं?”

तू फक्त उजवा हात माझ्यापुढं केलास. पिठानं पांढरा झालेला, उताणा पंजा. बाकीच्यांना वाटलं तू आधार मागतेस, कुणीतरी म्हणालं, “बसवा त्यांना.” तू काय म्हणत होतीस ते मला कळलं. धर की मंग. सांग आतापण.

मी तो हात धरला नाही. गर्दीतून वाट काढत घरात निघून गेलो. काही दिवसांनी तूच गिरणीची कळ उतरवलीस, ती पुन्हा चालू झाली नाही.

त्यानंतरची वर्षं तू खाटेवर काढलीस. तुला उठवताना, भरवताना मी हात हातात घेतला की तुझं मनगट वळायचं. डॉक्टर म्हणायचे, नसा ताठरतात, आखडतात, या आजारात होतं असं. असेल. पण सुनंदानं धरलं की ते होत नव्हतं, किंवा मला तसं दिसत होतं. बाजारात एखाद्या परक्या शेतकऱ्याचा हात उपरण्याखाली घेतला की मला मनगटाचा तोच पीळ जाणवायचा आणि मी एकदम हात सोडून द्यायचो. माणसं म्हणायची, “राव, आकडा तर सांगू द्या!” अजूनही कुणी आकडे मोजत असलं, कंडक्टर तिकिटं मोजताना, पोरं लपाछपीत, की माझी बोटं आपोआप बेरीज दाबायला लागतात. समोर कुणाचा हात नसतो.

तरी तू मला कधी टोचून बोलली नाहीस. उलट, जीभ जड झाल्यावरही पाहुणे जेवायला बसले की माझ्याकडं बघून दोन बोटं उचलायचीस आणि तोंड वाकडं करून हसायचीस. सुनंदा म्हणायची, दोन काय मागतात वन्सं? मी म्हणायचो, काही नाही. त्या हसण्यावर मी जगलो, अक्का. एवढी वर्षं घरात तोंड वर करून जेवलो ते त्या दोन बोटांच्या आधारावर.

तू पहाटे गेलीस. जुन्नरहून मावशी येईपर्यंत थांबायचं होतं. ओट्यावर गाव जमलं होतं. तुला तात्यांचीच शाल पांघरली होती. मी शेजारी बसलो आणि शालीखाली हात घालून तुझा उजवा हात शोधला. गार होता. पहिल्यांदाच तो वळला नाही. मला काहीतरी सांगायचं होतं, आणि माझी बोटं तुझ्या बोटांवर नुसती फिरत राहिली. तात्यांनी आपल्याला आकडे शिकवले, नकार शिकवला. चुकलो म्हणायला त्या भाषेत काही नाही. आणि असतं, तरी ते पुन्हा शालीखालीच राहिलं असतं.

मी तुझ्या हातांवरची शाल बाजूला केली.

“अहो, काय करताय?” सुनंदा म्हणाली.

“बसा सगळी,” मी म्हणालो. “भामाबाई, तुमीबी ऐका. पुण्याच्या दवाखान्यात अक्का पास झाली न्हवती. बोटं मी दाबत व्हतो. हिचं डोकं तवापासून आजारीच व्हतं. मुद्दाम काय बी करत न्हवती ती. मी गप ऱ्हायलो.”

भामाबाईनं पदर तोंडाला लावला. मी तुझ्याकडं वळलो. तुझा हात अजून माझ्या हातात होता, उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असा.

“अक्का,” मी म्हणालो, “तू हात सोडवत व्हतीस, मला कळत व्हतं, मी सोडला न्हाई. डॉक्टरकडं जातो म्हणालो, गेलो न्हाई, आन् गेल्तो म्हणून खोटं बोललो. चार माणसांत तुला बोललो.” मग मी तो हात सोडला, तुझ्या छातीवर नीट ठेवला, आणि तुझ्या पायावर डोकं टेकवून म्हणालो, “माझं चुकलं, अक्का. मला माफ कर.”